अकरा मिनिटांचं मरण

सिनेमा चांगला की वाईट हे मी पाट्या संपायच्या आत सांगतो. बढाई नाही, निसर्गानेच दिलेली देणगी आहे. काही लोकांना जमिनीखालचं पाणी कळतं, काहींना कलिंगड बाहेरून वाजवून आतलं कळतं, तसं मला सिनेमाचं कळतं. आणि कळलं की ते पोटात राहत नाही!

दोन हजार सातची गोष्ट. मी पुण्याहून वर्क व्हिसावर लंडनला आलो होतो. हाउन्सलोमध्ये एक खोली, डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान आणि सोबतीला एक लॅपटॉप. अशा माणसाने शनिवार-रविवारी करायचं काय? मी मतं व्यक्त करायचो. जगभरच्या मराठी मंडळींची एक वेबसाइट होती. तिथे ‘नुकतंच काय पाहिलंत?’ असा एक धागा होता. कुणी सिनेमाबद्दल लिही, कुणी मालिकेबद्दल. बाकीचे लोक लिहायचे, ‘बरा आहे, एकदा बघायला हरकत नाही.’ मी लिहायचो तेव्हा रक्त सांडायचं! टोपणनाव घेतलं होतं ‘खवट खोबरं’. सिडनीपासून सिएटलपर्यंत खवट खोबऱ्याचे चाहते होते. मिहीर गद्रे या माझ्या खऱ्या नावाला मात्र समोरच्या दुकानातला पंजाबी काकाही ओळखत नव्हता.

तर त्या सप्टेंबरात एजवेअरला एका शाळेच्या हॉलमध्ये मराठी सिनेमाचा खेळ होता. सिनेमाचं नाव ‘सनई वाजे हायलँडी’. स्कॉटलंडच्या हौशी मराठी मंडळींनी स्वतःच काढलेला. मी पिकॅडिली लाइन आणि नॉर्दर्न लाइन असा सव्वा तासाचा प्रवास करून गेलो. साताऱ्याचा मुलगा स्कॉटिश मेंढपाळाच्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि ते ऐकून त्याचे वडील सोफ्यावर प्राण सोडतात, अशी गोष्ट. मध्यंतरानंतर तासाभराने मी बटाटेवड्याच्या रांगेत पहिला नंबर लावायला बाहेर पडलो, त्यामुळे शेवटच्या पाट्या काही बघितल्या नाहीत. घरी आलो आणि गरम गरम लिहिलं:

‘नायकाच्या वडिलांच्या भूमिकेत कुणी एक गृहस्थ आहेत. ते घड्याळ लावून अकरा मिनिटं मरतात. पहिल्याच मिनिटाला गेले असते तर आपण सगळे वाचलो असतो! सहाव्या मिनिटाला त्यांची मिशी सुटून गालावर येते. आधी जीव गेला की मिशी, हे शेवटपर्यंत कळत नाही. अकराव्या मिनिटाला ते पूर्ण मरतात आणि मेल्यावर हळूच चष्मा नीट करतात. सोफ्याचा अभिनय मात्र अत्यंत संयत.’

काय सांगू! दोन दिवसांत दोनशे बारा प्रतिसाद! टोरांटोच्या एका बाईंनी तर हसून हसून बरगडीत उसण भरल्याचं कळवलं. मी आठवडाभर हवेत होतो. हीथ्रोवाल्यांनी मला उतरायला धावपट्टी द्यायची काय ती बाकी होती.

आता आश्लेषाबद्दल सांगायला हवं. आश्लेषा बेडेकर माझ्याच ऑफिसात होती. जन्म ग्लासगोचा, इंग्रजी स्कॉटिश, मराठी घरगुती आणि लिंगभेद न मानणारी. आठ महिने आम्ही लंच बरोबर घेत होतो. मला ती फार आवडायची, तिलाही मी बऱ्यापैकी आवडत असावा, कारण ती माझी मतं ऐकून घ्यायची. एका बुधवारी ती म्हणाली, “मिहीर, माझा आई-डॅड तुला भेटायचं म्हणतात. पुढच्या रविवारी ग्लासगोला येशील?”

मी हातातलं सँडविच तसंच धरलं. “येईन की! काका कसे आहेत? म्हणजे, स्वभावाने?”

“Lovely! पण सध्या जरा upset आहेत. त्यांनी एका फिल्ममध्ये काम केला ना. मी तुला सांगितला नाही, it’s so embarrassing. आणि वेबसाइटवर कोणीतरी त्यांच्याबद्दल awful लिहिला.”

“कुठली फिल्म?” मी विचारलं. उत्तर मला आतून माहीत होतं. कलिंगड आतून सडलेलं असलं की आवाजच वेगळा येतो.

“काहीतरी हायलँडी. ते हीरोचे फादर आहेत.”

सँडविच पडलं.

ग्लासगोचं घर टुमदार होतं. आश्लेषाच्या आईने, सुनीतीकाकूंनी, दारातच “ये रे बाळा” म्हटलं आणि मला जास्तच अपराधी वाटायला लागलं. डॉक्टर पुरुषोत्तम बेडेकर म्हणजे उंच, गोरे, कडक इस्त्रीचे. पेशाने रेडिऑलॉजिस्ट. तीस वर्षं माणसांचे एक्स-रे आणि स्कॅन बघितलेले. ते नुसतं माझ्याकडे बघत होते तरी मला वाटत होतं, ह्यांना माझ्या तिसऱ्या बरगडीमागे लपवलेलं खवट खोबरं स्पष्ट दिसतंय!

जेवण झालं आणि काकांनी कपाटातून एक फाइल काढली. आत माझा लेख! प्रिंट काढलेला, लाल पेनने अधोरेखित केलेला, समासात ‘असत्य!’, ‘अर्धसत्य!’ अशा नोंदी. पेशंटचीसुद्धा एवढी व्यवस्थित फाइल मी पाहिली नव्हती.

“तू कॉम्प्युटरवाला ना रे?” काकांनी विचारलं.

“हो काका.”

“मग हा माणूस शोधून दे.”

“क-कुठला?”

“हा खवट खोबरं! तुम्हा लोकांना कळतं म्हणे, कुठल्या घरातून लिहिलंय ते. आश्लेषा म्हणते तू फार हुशार आहेस. बघू या किती हुशार आहेस.” मग जरा जवळ सरकून म्हणाले, “मी माणसाची परीक्षा कामावरून करतो. समजलं ना?”

समजलं! मुलगी हवी तर चोर पकडून द्यायचा. आणि चोर त्यांच्याच डायनिंग टेबलवर बसून त्यांचंच श्रीखंड खात होता.

“शोधतो काका,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तोंडात श्रीखंड असताना कबुलीजबाब देता येत नाही.

परतीच्या विमानात मला एक जबरदस्त कल्पना सुचली. माझ्या जबरदस्त कल्पना नेहमी विमानात सुचतात, बहुधा तिथे ऑक्सिजन कमी असतो. मी ठरवलं, दुसरं टोपणनाव घ्यायचं आणि सिनेमाची एवढी स्तुती करायची की काका आधीचं सगळं विसरतील. घरी पोचताच ‘सनईप्रेमी’ जन्माला आला. सनईप्रेमीने लिहिलं, ‘खवट खोबरं यांना अभिनयातलं काडीचंही कळत नाही. डॉक्टरसाहेबांचा मृत्यू पाहून मला माझे आजोबा आठवले. असं मरण भाग्यवंतालाच लाभतं!’

खवट खोबऱ्याने गप्प बसावं ना? पण त्याचे चाहते चिडले! ‘खोबरं, उत्तर द्या! घाबरलात का?’ मग मला खोबऱ्यातर्फे थोडं उत्तर द्यावं लागलं. त्यावर सनईप्रेमीला राग आला. आठवडाभर मी ऑफिसातून आल्यावर स्वतःशीच कडाकडा भांडत होतो. एकदा तर स्वतःचाच मुद्दा इतका लागला की जेवलो नाही.

शुक्रवारी काकांचा फोन आला. आवाजात विजय होता.

“मिहीर, सापडला!”

“कोण काका?”

“उकिडवे!”

डॉक्टर श्रीनिवास उकिडवे हे काकांचे जिवलग मित्र. चौऱ्याहत्तर साली दोघं एकाच विमानाने आले, एकाच थंडगार खोलीत राहिले, एकच ओव्हरकोट आळीपाळीने घातला. तेहेतीस वर्षं दर गुरुवारी पत्त्यांचा ब्रिज. हे मला आश्लेषाने सांगितलं होतं.

“उकिडवेकाका? छे हो!”

“छे काय छे! विचार कर. उकिडवे भूलतज्ज्ञ. आयुष्यभर पेशंटकडे न बघता घड्याळाकडे बघत बसला. अकरा मिनिटं दुसरं कोण मोजणार? आणि खोबरं! त्याची बायको मधुमती दर दिवाळीला आम्हाला नारळाच्या वड्या पाठवते. एक वर्ष खवट निघाल्या होत्या, तेव्हा मी तोंडावर बोललो होतो. ते त्याने मनात ठेवलं! शिवाय ती भूमिका त्याला हवी होती.”

“पण काका, पुरावा…”

“पुरावा? हा सनईप्रेमी बघ. त्याला मी डॉक्टर आहे हे कसं कळलं? लेखात तर नुसतं ‘गृहस्थ’ म्हटलंय. ती मधुमती आहे! नवऱ्याने पाप केलं, म्हणून बायको प्रायश्चित्त घेतेय!”

मी कपाळावर हात मारला. नशीब, फोनवर ते दिसत नाही.

“संशय मला पहिल्यापासून होताच, म्हणून तीन आठवडे त्याच्याशी बोललेलो नाही,” काका पुढे म्हणाले. “फोन घेत नाही, ब्रिजला जात नाही. पण आता सोक्षमोक्ष! रविवारी दोघांना जेवायला बोलावलंय. तू तुझा रिपोर्ट घेऊन ये. सगळ्यांसमोर वाचायचा.”

तेहेतीस वर्षांची मैत्री! एक ओव्हरकोट! आणि ती माझ्या दोनशे बारा प्रतिसादांपायी मोडत होती. शनिवारभर मी आरशासमोर कबुलीजबाबाचा सराव केला. आरशातला मीसुद्धा मला माफ करेना.

रविवारी दुपारी एक वाजता उकिडवे दांपत्य आलं. उकिडवेकाका बुटके, गोल, एरवी म्हणे फार हसरे. त्या दिवशी मात्र चेहरा कणकेच्या गोळ्यासारखा पांढरा. मधुमतीकाकूंच्या हातात स्टीलचा डबा होता. डब्यात काय असेल? नारळाच्या वड्या!

सगळे ताटात डोकं घालून जेवत होते. सुनीतीकाकू “अजून वाढू?” म्हणायच्या आणि सगळे एकदम दचकायचे. आश्लेषा मला टेबलाखालून लाथ मारून खुणेने विचारत होती, काय चाललंय? शेवटी काकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“श्रीनिवास, मला सगळं कळलंय. आता लपवण्यात अर्थ नाही.”

उकिडवेकाकांचे डोळे भरून आले. “मला वाटलंच होतं. तू फोन उचलेनास तेव्हाच ओळखलं मी. पुरुषोत्तम, स्पष्ट सांग. मी खंबीर आहे.”

“मी सांगू? तूच सांग! तीन आठवडे झाले!”

“ते झाले रे. उरले किती?”

“उरले काय उरले! अकरा मिनिटं!”

“अकरा मिनिटं?” उकिडवेकाकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मधुमतीकाकूंनी हंबरडा फोडला. “अहो, असं कसं! आत्ता तर दोन वाट्या आमटी प्यायलेत हो!”

“आमटीचा काय संबंध?” काका गरजले. “तूच मोजलीस ना ती अकरा मिनिटं?”

“मी कशी मोजणार? स्कॅन तुझ्या डिपार्टमेंटला झाला ना!” उकिडवेकाका रडत रडत म्हणाले. “फॅमिली डॉक्टरचं पत्र आलंय, पण मी भीतीने उघडलंच नाही. म्हटलं, पुरुषोत्तम सांगेल. तर तू तोंड चुकवायला लागलास. मी मृत्युपत्र केलं रे! गोल्फचा सेट शेजारच्या मॅकलाउडला देऊन टाकला!”

काकांच्या तोंडाचा आ झाला होता.

“अरे गाढवा,” ते हळूच म्हणाले, “तुझा स्कॅन स्वच्छ आहे. मी स्वतः बघितला. काही झालेलं नाही तुला!”

“मग तू बोलत का नव्हतास?”

“तू मला खवट खोबरं होऊन शिव्या दिल्यास म्हणून!”

“मी काय होऊन?”

आता मात्र माझ्याने राहवेना. मी उभा राहिलो. हातात भरलेला चमचा तसाच होता.

“काका, खवट खोबरं मी…”

“तू खाल्लंस?” मधुमतीकाकूंनी झटकन डबा ओढून घेतला. “अरे, कालच केल्यात वड्या! खवट कशा असतील?”

“वड्या नाही हो काकू! खवट खोबरं मी आहे! तो लेख मी लिहिला. आणि सनईप्रेमीही मीच. उकिडवेकाकांनी काही केलेलं नाही. काका, मला तुम्ही कोण ते माहीत नव्हतं. मला फक्त… मला फक्त लोकांना हसवायचं होतं.”

कुणीतरी हुंदका दिला. बघतो तर सुनीतीकाकू तोंडाला पदर लावून गदगदत होत्या. मला वाटलं, झालं, माउली रडतेय. पण पदर बाजूला झाला तेव्हा त्यांचा चेहरा हसून लालबुंद झाला होता. “‘सोफ्याचा अभिनय संयत’!” एवढंच त्या कसंबसं म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात पळाल्या. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. आश्लेषाने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. “Oh my God, मिहीर! तू एक नंबरची मूर्ख आहेस!”

काका उठले. सावकाश माझ्यापर्यंत आले. माझ्या डोळ्यांपुढे ग्लासगो ते हाउन्सलो असा चारशे मैलांचा पायी प्रवास तरळला.

“‘कुणी एक गृहस्थ’,” काका म्हणाले.

“चुकलो काका.”

“कुणी. एक. गृहस्थ! मी तीन महिने तालीम केली. मिशी स्वतःच्या पैशाने आणली. तू मला वाईट म्हणालास, ठीक आहे, मत आहे तुझं. पण दोनशे बारा लोकांनी ते वाचलं, आणि त्यातल्या एकालाही कळलं नाही की ते कोण होते? नाव लिहायला काय झालं होतं तुला?”

मला नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. “म्हणजे… नावाचा राग आलाय?”

“मग कशाचा? टोरांटोच्या बाईंची बरगडी दुखावली ती कुणामुळे? माझ्यामुळे! आणि श्रेय कुणाला? सोफ्याला!”

“बरोबर आहे,” उकिडवेकाका म्हणाले. त्यांच्या गालांवर रंग परत आला होता, आणि एक वडीही तोंडात गेली होती. “मरणाबद्दल मात्र ह्या पोराचं चूक आहे. मी ऑपरेशन थिएटरमध्ये उभं आयुष्य काढलंय. अकरा मिनिटं अगदी शास्त्रोक्त आहेत. भूमिका मला मिळाली असती तर मी चौदा घेतली असती!”

“ऐक!” काकांनी उकिडवेकाकांचा खांदा दाबला. हात तिथेच राहिला. सुनीतीकाकू दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या, आणि या वेळी त्या हसत नव्हत्या.

मग आमची वरात कॉम्प्युटरच्या खोलीत गेली. काकांचा हुकूम होता, लेखात नाव घालायचं. पण त्या वेबसाइटवर एकदा लिहिलेलं बदलायची किंवा खोडायची सोय नव्हती. मग नवीन प्रतिसाद लिहायचं ठरलं. मी टाइप करणार, काका सांगणार, उकिडवेकाका पदव्या तपासणार.

“लिही. ‘ते गृहस्थ म्हणजे ग्लासगोचे सुप्रसिद्ध रेडिऑलॉजिस्ट आणि चतुरस्र अभिनेते…’”

“चतुरस्र म्हणजे चार भूमिका तरी हव्यात, पुरुषोत्तम.”

“शाळेत झाड झालो होतो, ते धर. लिही रे तू. ‘…डॉक्टर पुरुषोत्तम बेडेकर. त्यांचा मृत्यू हा मराठी पडद्यावरचा एक मैलाचा दगड आहे.’”

मी लिहिलं. खाली प्रथमच माझं खरं नाव घातलं, मिहीर गद्रे. बटण दाबलं. आम्ही तिघं स्क्रीनकडे टक लावून बसलो, दहावीचा निकाल लागायचा असावा तसे. दोनच मिनिटांत पहिला प्रतिसाद आला. सिएटलच्या कुणा पहाटे उठणाऱ्या मनुष्याचा.

‘एवढं कौतुक? आपण त्यांचे जावई का हो?’

माझे कान गरम झाले. काकांनी तो प्रतिसाद वाचला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत असं बघितलं की मी आपोआपच श्वास रोखून धरला.

“मग?” काका म्हणाले. “माणसाने सभ्यपणे विचारलंय. उत्तर दे त्याला.”

“काय… काय लिहू?”

“‘होय’ लिही. शुद्धलेखन सांभाळून.”

उकिडवेकाकांनी टाळी वाजवली. साधी दोन अक्षरं लिहिताना मी तीनदा चुकलो. शेवटी ‘होय’ लिहिलं आणि आनंदाच्या भरात बटण दाबून मोकळा झालो. स्क्रीनवर उमटलं, साऱ्या जगाला दिसलं, सिडनी ते सिएटल!

मागे कपबशांचा आवाज झाला. चहाचा ट्रे घेऊन आश्लेषा उभी होती. तिने स्क्रीन वाचला. तिला देवनागरी वाचायला वेळ लागतो, त्यामुळे आम्हा तिघांना घाम फुटायलाही पुरेसा वेळ मिळाला.

“Excuse me,” ती म्हणाली, “मला कोणी विचारला?”

काका पदव्या तपासू लागले. उकिडवेकाका एकाएकी आजारी दिसू लागले. मी आपला तिथेच, गालिच्यावर, एका गुडघ्यावर बसलो आणि रीतसर विचारलं. ती म्हणाली, “विचार करून सांगतो.”

तिने होकार दिला, नाही असं नाही. पण पुढच्या मंगळवारी दिला, आणि तोही ऑफिसच्या ईमेलवर. सीसीमध्ये उकिडवेकाका.